टोपलीभर मोहफुलं
अंगणात मोहफुलं वाळत घातली की त्यांचा गोड, उग्र वास घरभर पसरतो आणि मला टाळेबंदीतली ती टोपली आठवते. धाकटा भाऊ नागपूरहून पायी आला होता. बाहेरून आलेल्याने चौदा दिवस गावाबाहेर राहायचं, हा नियम मीच पुढे होऊन केला होता, म्हणून त्याला शेतातल्या मोहाच्या झाडाखाली ठेवलं. पहाटे फुलं वेचून तो टोपली गावाच्या वेशीवर आडव्या बांधलेल्या बांबूपाशी ठेवायचा. एक दिवस मी ती घरी आणली. खाटेला खिळलेल्या मायने ओंजळभर फुलं चाचपून पाहिली. त्यांत एक काडी नव्हती, पान नव्हतं. "धाकट्यानं येचले हे. तू त कचऱ्यासंगंच आनते. आला का तो?" तो आलाय म्हटलं असतं तर तिने त्याला बोलावलंच असतं, आणि गावात माझा शब्द पडला असता. "नाही वं माय, सडका बंद हायेत. मीच येचलो." तिने फुलं उशाशी ठेवली आणि तोंड भिंतीकडे वळवलं. चौथ्या दिवशी ती गेली. तिला शेवटी शुद्धच नव्हती, असं मी धाकट्याला सांगितलं, आणि तो अजून तेच धरून आहे. माय शुद्धीत होती, तिने त्याच्या हातची फुलं ओळखली होती, हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.