पहिले चार आटे

औशाच्या माणिकप्पा मिस्त्रींचा एकच धर्म होता: स्पार्क प्लग आधी बोटांनी फिरवायचा, चार आटे निमूट गेले की मग पाना. हा धर्म बुडवणाऱ्यांनी त्यांना बेजार करून सोडलं होतं. मोबाइलवर बघून प्लग आवळणारे काय, 'अजून जरासा' म्हणत पान्याला लोंबकळणारे काय! तीस वर्षं ओरडून घसा बसला, पण पालथ्या घड्यावर पाणी.

त्यात आज सकाळी गणिताच्या राघवेंद्र सरांची गाडी दोरीनं ओढून आणली. प्लग उडालेला, इंजिनाच्या हेडमधले आटे पार सपाट.

"कोण हो हा गाढव?" मिस्त्री कडाडले. "वाकडा घातला अन् वरून रेटला. ॲल्युमिनियम हाय सर, गोठ्यातला खुंटा न्हाई!"

सर चष्मा पुसत राहिले. "मिस्त्री, दिवाळीआधी तुम्हीच बदललात. त्यानंतर बॉनेट कुणी उघडलंच नाही."

मिस्त्रींनी आपल्याच बोटांकडं पाहिलं. साखरेच्या आजारानं दोन वर्षांत त्यांच्या बोटांची टोकं बधिर केली होती. त्या दिवशी आटा लागला की नाही ते कळेना, म्हणून वैतागून त्यांनी पहिल्यापासूनच पाना लावला होता. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्यांनी आटे पाडायच्या टॅपला ग्रीस थापलं, म्हणजे धातूचा कीस इंजिनात पडणार नाही. मोठे आटे पाडले, त्यात स्टीलची आटेदार वळी बसवली. तेवढं डोळ्यांनी जमलं. आता प्लग. एकदा वाकडा गेला, दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तो हातातून निसटून खाली पडला, आणि मिस्त्रींनी प्लगला, साखरेला, डॉक्टरला, सगळ्यांना शिव्या घातल्या. हेही आटे गेले तर हेड जाणार, आणि औशात मिस्त्रींचं नावही.

मागच्या घरातून बायको, गंगम्मा, चहा घेऊन आली. तिनं कप ठेवला, पदराला हात पुसले. "द्या हिकडं."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"उलटा फिरवायचा, टक् झालं की सुलटा. तीस वर्षं ऐकतीय की मी."

तिनं डोळे मिटून प्लग फिरवला. चार आटे निमूट गेले. मिस्त्रींनी पाना लावला. गाडी एका दमात सुरू झाली आणि त्यांना आनंदाऐवजी रडूच आलं.

दुपारी दुसरी गाडी आली. "आधी बोटं, मग पाना!" मिस्त्री सवयीनं खेकसले. मग घराकडं वळून हळूच म्हणाले, "गंगम्मा, ये बाई. पहिले चार आटे तुझे."