दिवसा न सांगायची गोष्ट

सरोजचा कारखान्यातला तो शेवटचा दिवस होता. अंधेरी पूर्व, ऐंशीचं दशक... मी डिप्लोमा करून नुकतीच तिथे लागले होते.

आम्ही सर्किट बोर्ड बनवायचो. सरोज सोल्डरिंगला, सुलभाताई पॅकिंगला, एल्सी तपासणीला आणि मी डार्करूममध्ये, सर्किटच्या आराखड्याची फिल्म डेव्हलप करायला. वयाने मी सगळ्यांत लहान, पण बोलायचे कमी. म्हणून सगळ्या मला 'मॅडम' म्हणायच्या.

डब्याच्या सुट्टीत गोष्टी चालायच्या. सुलभाताई मालवणकडच्या, त्या गावच्या अदृश्य राखणदाराच्या गोष्टी सांगायच्या. एल्सीने केरळातली ताडावर राहणारी यक्षी सांगितली, मोडक्या हिंदीत. तिचं अडलं की ती इंग्रजीत शिरायची आणि मी ते मराठीत करून द्यायचे. भाषांतर मला आवडायचं... त्यात स्वतःचं काही सांगावं लागत नाही.

सरोज जौनपूरची. ती फक्त ऐकायची आणि प्रत्येक वाक्याला 'हूं' म्हणायची. तिचा 'हूं' आला नाही तर सुलभाताईंची गोष्ट पुढे सरकत नसे.

त्या दिवशी सुलभाताईंनी तिला धरलंच. "सगळ्यांच्यो गोष्टी ऐकलंस. आता तुझी एक सांग, नायतर तुका सोडूचंय नाय."

सरोज हसली नाही. तिच्या घरी म्हणे उजेडात कधीच गोष्ट सांगत नाहीत. "दिन में कहानी कहो तो मामा रास्ता भूल जाता है, दीदी."

तिच्या मुलांना मामा एकच. तो ट्रक चालवायचा, आणि नेमका त्याच दिवशी नाशिकहून येत होता. संध्याकाळी सरोजला गेटवरून घ्यायचं, मग घरून मुलं आणि सामान, आणि थेट गाव... सासूला लकवा झाला होता, नवरा आधीच पुढे गावी गेला होता. सरोज परत येणार नव्हती.

म्हणजे आमच्यासोबत रात्र तिला मिळणारच नव्हती. आईकडून ऐकलेली एक गोष्ट तिला सांगायची होती खरी, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण भाऊ रस्त्यावर होता.

डब्याच्या सुट्टीतली गोष्ट आणि नाशिकहून येणारा ट्रक यांचा काही संबंध नाही, हे मी तिला पटवून देऊ शकले असते. वाक्य तयारही होतं. तोंडातून भलतंच आलं... मी विचारलं, जिथे दिवस पोचतच नाही तिथे चालेल का?

डार्करूममध्ये मी मॅनेजरनाही चपला घालून येऊ देत नसे. त्या दिवशी दाराबाहेर बायकांच्या चपलांचा ढीग पडला. सरोजने आत येऊन दाराच्या फटीला डोळा लावून पाहिलं, मग भिंतीवरून हात फिरवला. उजेड कुठूनही येत नव्हता. ते पाहणं माझंच काम होतं, आणि मी ते चोख करायचे.

मी लाल दिवा लावला. "यहाँ तो रात है," ती स्वतःशीच म्हणाली आणि फरशीवर मांडी घालून बसली.

गोष्ट अशी... बहिणीकडे भाऊ आला. तो परत निघाला तेव्हा तिने पहाटेच्या काळोखात जात्यावर पीठ दळलं आणि वाटेत खायला लाडू करून दिले. उजाडल्यावर पाहते तर जात्यात सापाचं कातडं, रक्त... पिठाबरोबर साप दळला गेला होता. ती तशीच धावत सुटली.

आता 'हूं' म्हणायची पाळी आमची होती. एल्सी तोंड मिटून नुसती गुणगुणल्यासारखा आवाज काढायची, त्यांच्याकडे ऐकणारे तसंच करतात म्हणे. तिच्यासाठी मी हळू आवाजात इंग्रजी करत होते.

बहीण वाटेत भेटेल त्याला विचारते, माझा भाऊ पाहिलात का... गुराख्याला, पाणी भरणाऱ्या बाईला. इथे सरोजचा आवाज बदलला. मी एक वाक्य मागे पडले, मग दोन, मग थांबलेच. एल्सीने माझा हात धरून मान हलवली. राहू दे, कळतंय.

भाऊ सापडतो. झाडाखाली झोपलेला, लाडवांचं गाठोडं फांदीला टांगलेलं... गाठ न सोडलेली.

सुलभाताईंनी पदराने नाक पुसलं. "मेल्यान खाल्ल्यान नाय, ता बरा झाला."

संध्याकाळी आम्ही सगळ्या गेटवर होतो. ट्रक नव्हता. दुसरी पाळी आत गेली, चहावाल्याने स्टोव्ह बंद केला, रस्त्यावरचे दिवे लागले... ट्रक नव्हता.

सरोजने माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि ते अवघड होतं. मी मनातल्या मनात डार्करूम पुन्हा तपासत होते. दाराची वरची कड. एग्झॉस्ट फॅन... त्याच्या पात्यांतून दुपारी बारीकसा उजेड येत असेल का?

मग तो आला. भाऊ खाली उतरला, हात ग्रीसने काळे. सरोजने आधी एवढंच विचारलं, "रास्ता भूल गए थे?"

"नहीं दीदी, पंचर हो गया था."

सरोज हसायला लागली आणि हसता हसता रडायला. सुलभाताईंनी त्याच्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. त्या बिचाऱ्याला कळेना, पंक्चरचं या बायकांना एवढं कौतुक कशाचं... मीही वेड्यासारखी हसत होते.

ते निघाले तेव्हा एल्सी म्हणाली, चल, उशीर झाला. मी तिला ट्रक कोपऱ्यावर पोचेपर्यंत थांबवलं. तो हायवेच्या दिशेने वळला. रस्ता बरोबर होता.

सरोज, तुझी गोष्ट पुढे मी बऱ्याच जणांना सांगितली... मराठीत, इंग्रजीत, एकदा तर एका जपानी इंजिनिअरला. दिवसा एकदाही नाही.