फणसाचा पाट आणि बिल्डरचं शॉर्टली

इंग्रजीत वेळ सांगायचे जेवढे शब्द आहेत त्यातले निम्मे वेळ न सांगण्यासाठी आहेत, हे माझं मत मी कोणाहीपुढे ठासून मांडते. शॉर्टली. सून. व्हेरी सून, जो साध्या सूनपेक्षा हमखास उशिरा येतो. टेंटेटिव्ह, म्हणजे तारीख दिली आणि लगेच हात झटकले. इन ड्यू कोर्स, म्हणजे तुम्ही आता गप्प बसा. या शब्दांना मी नीट ओळखून आहे, कारण अंधेरीच्या एका विमा कंपनीत बसून दिवसभर मी हेच दळण दळते. त्यात करंटलीची तर कमालच आहे. कोणाचा दावा कपाटात धूळ खात पडलेला असतो, पण 'करंटली अंडर प्रोसेस' असं लिहिलं की त्या बिचाऱ्याला वाटतं, आत कोणीतरी त्याच्यासाठी घाम गाळतंय.

आम्ही मराठी माणसं वेळेची पक्की, असं माझं मुळीच म्हणणं नाही. फोनवर 'आलोच' म्हणणारा माणूस अजून टॉवेल गुंडाळून उभा असतो. पण त्याला त्याची बायको, आई, मित्र, कोणीही फाडकन विचारू शकतो, 'आलोच म्हणजे कधी रे? निघालास तरी का?' शॉर्टलीला असं विचारायची सोय नाही. विचारणाराच अडाणी ठरतो.

मुलुंडची आमची जुनी बिल्डिंग नवी बांधायला घेतली आणि आई, बाबा आणि मी कांजूरमार्गला भाड्याने राहायला गेलो. वारा फिरला की कचऱ्याच्या डम्पिंगचा वास थेट स्वयंपाकघरात यायचा. आई खिडक्या लावून घ्यायची आणि म्हणायची, 'थोडेच दिवस.' हे थोडेच दिवस बिल्डरच्या मेसेजमधून आलेले होते. ते मेसेज तिला मराठीत सांगायचं काम माझं होतं.

बाबांचा जीव मात्र एकाच गोष्टीत अडकला होता, चवथीत, म्हणजे गणेश चतुर्थीत. आम्ही सिंधुदुर्गातले, गणपती बाबांचा, आणि गाऱ्हाणंही बाबांनीच घालायचं. म्हणजे आरती झाली की घरच्या मोठ्याने देवासमोर उभं राहून सगळ्यांसाठी मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची. बाबांची गिरणी बंद पडल्यावर त्यांनी एका गोदामात मान खाली घालून नोकरी केली. तिथे त्यांचा आवाज कोणी ऐकला असेल असं मला वाटत नाही. पण गाऱ्हाणं घालायला उभे राहिले की वरच्या मजल्यावरची माणसं जिन्यात येऊन थांबायची. वर्षभराचं सगळं बोलणं ते त्या एका दिवशी बोलून घ्यायचे.

आमच्यात मूर्तीचा पाट घरचा असतो. आमचा फणसाच्या लाकडाचा, गावाहून आणलेला. तो आषाढात, फार तर नागपंचमीपर्यंत गणपतीच्या कारखान्यात नेऊन द्यायचा, मग मूर्तिकार त्याच पाटावर मूर्ती घडवतो. एकदा पाट दिला की देव ठरला. मागाहून नको म्हणता येत नाही.

त्यामुळे कांजूरमार्गच्या पहिल्या आषाढात बाबांनी पाट पुसून त्याला तेल लावलं आणि मला म्हणाले, 'इचार गो त्यांका. चवथीक घर गावतला काय?' मी बिल्डरच्या ऑफिसला विचारलं, चवथीपर्यंत घर मिळेल का. उत्तर आलं, पझेशन इज इमिनंट. मी बाबांना सांगितलं, म्हणतायत की अगदी दाराशी आलंय. बाबा खूश झाले आणि पाट देऊन आले. चवथ आली तेव्हा मुलुंडला नुसते खांब उभे होते आणि खांबांतून सळया वर आलेल्या होत्या.

'भाड्याच्या घरात देव हाडूचो नाय,' बाबा अडून बसले. देव आणायला घरमालकाची काही हरकत नव्हती, हट्ट बाबांचा होता. ऐनवेळी मूर्ती आमच्या पाटासकट मालाडला काकाकडे गेली. आम्ही आपल्याच देवाकडे पाहुणे म्हणून गेलो, पेढ्यांचा बॉक्स घेऊन. काकाने गाऱ्हाणं घातलं ते मोबाइलमध्ये बघून, रेल्वेच्या घोषणेसारखं. बाबा मागे उभे राहून 'व्हय म्हाराजा' म्हणत होते. परत येताना बसमध्ये ते एवढंच म्हणाले, 'पुढच्या चवथीक आपल्या घरात.'

पुढच्या आषाढात उत्तर होतं, टेंटेटिव्हली बाय द फेस्टिव्ह सीझन. बाबा हसले. 'मगे पाटावर देव पण टेंटेटिव्ह बसवूचो काय?' त्या वर्षीही पाट मालाडला गेला.

त्याच्या पुढच्या आषाढात पाटाला तेल लावून झालं आणि त्याच आठवड्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला. हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसलेली असताना माझ्या फोनवर बिल्डरचा मेसेज आला, गुड न्यूज व्हेरी शॉर्टली. मी तो आईला वाचून दाखवला नाही. बाबांचा पाय हळूहळू सावरला, हातही बराच सावरला. बोलणं गेलं. सगळं कळायचं, ओठ हलायचे, शब्द म्हणून काही बाहेर यायचं नाही. मग ते चिडून भिंतीकडे तोंड करून निजायचे.

नागपंचमीला आठवडा असताना त्यांना घरी आणलं, आणि चार दिवसांनी आई पदर खोचून म्हणाली, 'चल, त्या ऑफिसात जाऊया.'

तिथे एसीत एक गुळगुळीत दाढीचा साहेब होता. त्याचं काम म्हणजे आमच्यासारख्यांना थंड पाणी देऊन परत पाठवणं. 'आंटी, डेफिनेटली. व्हेरी सून,' तो म्हणाला.

आईने पाण्याला हात लावला नाही. 'तुझा गाव खंय?'

'राजापूर,' तो जरा नाइलाजाने म्हणाला.

'चवथीक गावाक जातंस मा? मगे कधी पोचतलंस ता आईशीक काय सांगतंस? व्हेरी सून?'

तो हसला. आई हसली नाही, तसा त्याचाही चेहरा उतरला. 'आदल्या दिवशी सकाळी पोचतो म्हणून सांगतो,' तो म्हणाला. हे त्याने मराठीत सांगितलं.

'तसाच माका सांग. आमचो माणूस घराची वाट बघता. ह्या चवथीक घर गावतला?'

त्याने केबिनच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. 'नाही काकी. या वर्षी नाही, पुढच्या वर्षीही नाही. तुमचं घर आहे त्या वरच्या मजल्यांची परवानगीच आलेली नाही. पहिल्यापासून नव्हती.'

पहिल्यापासून! म्हणजे इमिनंट लिहिणाऱ्याला ठाऊक होतं, टेंटेटिव्हली लिहिणाऱ्यालाही ठाऊक होतं. बाबांचा आवाज शाबूत होता तेव्हाच कोणी सरळ 'नाही' म्हटलं असतं, तर आईने त्यांचा हट्ट मोडून काढला असता. रडूनभांडून कांजूरमार्गलाच गणपती बसवला असता आणि बाबांनी गाऱ्हाणं घातलं असतं. दोन चवथी आमच्या हातातून गेल्या त्या यांच्या गोडगोड शब्दांपायी. मला त्याची मानगूट धरावीशी वाटली. आई फक्त म्हणाली, 'बरा झाला, सांगितलंस,' आणि उठली. घरी येऊन तिने पाट माझ्या हातात दिला आणि बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, 'कारखान्यात देऊन ये. गणपती हयच बसतलो.' बाबांनी या वेळी नाही म्हणून मान हलवली नाही.

चवथीला काका सहकुटुंब मालाडहून आला. शेजारची माणसंही आली. आरती झाली, गाऱ्हाण्याची वेळ आली. काका खिशातून मोबाइल काढत होता, आईने त्याला डोळ्यांनीच थांबवलं. बाबा खाटेच्या कडेला धरून उभे राहिले. 'बा' एवढं आलं. पुन्हा 'बा' आलं. त्यांच्या मानेची शीर ताठ झाली आणि मला वर बघवेना.

मग आईने हात जोडले. आमच्यात बायका गाऱ्हाणं घालत नाहीत, पण काकानेही मोबाइल ठेवून हात जोडले. 'बा देवा म्हाराजा, घर कधी गावतला ता आमका आता इचारूचा नाय. ह्या माणसाची वाचा तेवढी परत दी रे म्हाराजा.'

'व्हय म्हाराजा,' सगळे म्हणाले. त्या आवाजांत एक जाडसर, ओबडधोबड 'व्हय' उशिराने आलं. ते बाबांचं होतं. झटक्यानंतर त्यांच्या तोंडून आलेला तो पहिला पुरा शब्द. काका तिथेच रडायला लागला.

माझा फोन वाजला. बिल्डरने सणाच्या शुभेच्छा पाठवल्या होत्या आणि खाली लिहिलं होतं, सी यू इन युअर न्यू होम, सून. बाबांनी हनुवटी उचलून माझ्याकडे पाहिलं. काय म्हणतात, असं विचारायची ती त्यांची नवी पद्धत.

'नाय म्हणतत, बाबा,' मी म्हटलं.

बाबा म्हणाले, 'व्हय.'