बाबा नदीत आणि सर्व्हर बंद

सर्व्हरच्या सेटिंगमध्ये मी फक्त एक ओळ बदलली होती. जुन्या सिस्टीमच्या जागी नवी, एवढंच. नाहीतर मेसेज पाठवणारी कंपनी दुसऱ्या दिवसापासून आमचे मेसेज घेणार नव्हती. तर स्क्रीनवर उत्तर आलं: हा बदल चालत्या सर्व्हरवर होत नाही, जुना पाडून नवा उभा करावा लागेल. डोकंच फिरलं माझं.

कारण हा सर्व्हर कोण्या दुकानाचा नव्हता. वैनगंगेत वरच्या अंगाला पाण्याची पातळी मोजणारं एक यंत्र आहे. धरणातून पाणी सुटलं की ते सर्व्हरला कळवतं, आणि सर्व्हर नदीच्या रेतीत टरबुजं लावणाऱ्यांचे फोन वाजवतो. ही डांगरवाडी, म्हणजे टरबुजांची वाडी, कारध्याकडच्या पात्रात, आणि तिथंच आमचे बाबा. सगळं मीच बसवलेलं, भंडाऱ्यातल्या भाड्याच्या खोलीतून.

मी क्रम उलटा लावला. आधी नवा उभा करायचा, मग जुना पाडायचा. पण यंत्राला एकच पत्ता माहीत, आणि तो एका वेळी एकाच सर्व्हरकडे राहतो. तो नव्याकडे नेऊन सगळं जुळेपर्यंत कोणाचाही फोन वाजणार नव्हता. म्हणून मी एकेकाला फोन लावले. बाबा घरी चहा पीत होते.

"बाबा, माझा मेसेज येतवरी नदीत उतरू नका."

"काहून बाई?"

"सर्व्हर बदलवून राहिली."

"बरं."

इतक्या सहज बाबा कधी 'बरं' म्हणत नाहीत. पण तेव्हा माझं लक्ष स्क्रीनवर.

पत्ता हलवला. नवा सर्व्हर चालू, पण यंत्राचा आकडा काही येईना. तो आत येण्याची वाट मी नव्यावर उघडलीच नव्हती. ती उघडायला गेले, तर घाईत पासवर्डसुद्धा चुकला. शेवटी आकडा आला, मी सगळ्यांना चाचणीचा मेसेज सोडला, आणि लगेच आईचा फोन.

"तुया बाबाचा फोन इथं वाजून राहिला. ते त कवाचे गेले नदीत."

"आजच विसरले काय?"

"रोजच ठेवून जातेत. पाण्यात पडन म्हंतेत."

मी गाडी काढली. भीती आणि संताप, दोन्ही एकदम. पुलावर थांबून हॉर्न दाबत राहिले. पाणी आलेलं नव्हतं. खाली वेलांच्या मधोमध, तोडलेल्या टरबुजांच्या ढिगाशी, बाबांनी मान वर केली, मला ओळखलं आणि तोंडाशी हात नेऊन ओरडले,

"पोतं आणलं काय?"