आईचं वजन

मी उंदरांना आधी लठ्ठ करते आणि मग बारीक करते. पोटासाठी माणसं काय काय करतात! चरबीची पेशी मेली की अंगातल्या पहारेकरी पेशी तिच्याभोवती गराडा घालतात. कधीकधी साफसफाई राहते बाजूला आणि दंगाच जास्त होतो, सगळं शरीर आतून सुजून निघतं. ती पेशी गुपचूप, दंगा न करता मरावी, म्हणजे लठ्ठपणावर धड औषध करता येईल, यासाठी मी प्रयोगशाळेत राबते. आईला यात काही राम वाटत नसे. "एवढं शिकलीस ते चरबी मारायला?" ती म्हणायची. "वेवजीला ये एकदा. आमच्या पाड्यावरच्या लोकांच्या अंगावर शोधून दाखव."

आई वेवजीच्या शाळेत मास्तरीण होती. निवृत्त झाल्यावर तलासरीत एकटी राहायची. ती स्वतः मात्र चांगली भरलेली, आणि त्याबद्दल तिला काडीचीही खंत नव्हती. माझी नोकरी कायम होईना तेव्हा तिनं परस्पर वेवजीच्या गावदेवीला नवस बोलून टाकला, की पोरीचं काम झालं की माझ्या वजनाइतका गूळ वाहीन. नोकरी कायम झाली. मी चिडले. मुलाखत मी दिली, रात्रंदिवस मी खपले, आणि श्रेय देवीला! "असं बोलू नये," एवढंच आई म्हणाली आणि चैत्रातला दिवस ठरवून मोकळी झाली.

दिवाळीनंतर मी घरी आलेच नव्हते, ती त्या दिवशीच थेट वेवजीला पोचले. देवळासमोरच्या आंब्याला गवताच्या वखारीतला मोठा तराजू टांगला होता. एका पारड्यात आई मांडी घालून बसली होती, हसत होती. दुसऱ्या पारड्यात लोक गुळाच्या ढेपा ठेवत होते. गूळ आईनंच तलासरीच्या बाजारातून अंदाजानं आणवला होता. अजून बऱ्याच ढेपा खाली असताना गुळाचं पारडं टेकलं आणि आई वर गेली.

"अहो बाई, तुम्ही तर उडालात!" कोणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या. उलट दोन ढेपा काढाव्या लागल्या तेव्हा तर हसून हसून बायकांची पुरेवाट झाली. तलासरीत आईच्या शेजारी राहणाऱ्या गुजराती बेन माझ्याकडे बघून म्हणाल्या, "छोकरीनं आईला दवा दिली, आम्हाला नाय दिली!" आणि आई पारड्यातूनच ऐटीत म्हणाली, "घरचीच डॉक्टर आहे माझी!"

मी काहीही दिलं नव्हतं. औषध नाही, उपास नाही, आणि माणूस असा उतरला, तर त्याचा अर्थ काय, हे मी विद्यार्थ्यांना फळ्यावर शिकवते. सगळे टाळ्या वाजवत होते म्हणून मीही वाजवल्या. परतताना आईला विचारलं तर म्हणाली, "जेवण जात नाही गं. पण उन्हाळा आहे ना."

कारण उन्हाळा नव्हतं. वापीच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या आणि स्वादुपिंडात गाठ निघाली. कापून काढण्याच्या पलीकडे गेली होती. डॉक्टर म्हणाले, सलाइनमधून औषध देऊ, गाठ आटली तर बघू. पण औषध जालीम आहे. त्यांनी कागदावर एका आकड्याखाली रेघ ओढली. वजन याच्याखाली गेलं तर शरीर सोसणार नाही, मग मी देणार नाही.

घरी आल्यावर आईनं मला समोर बसवलं. "तू पेशी मारतेस ना? मग या का मरत नाहीत? चौथीच्या पोरांना सांगतात तसं सांग."

मी सांगितलं. प्रत्येक पेशीला तिचं मरण आतूनच ठाऊक असतं, वेळ झाली की ती आपली जाते. या पेशी ते विसरल्या आहेत. आणि पहारेकरी त्यांना आपल्याच समजून पुढे जातात.

"म्हणजे घंटा झाली तरी मैदानातून न येणारी पोरं," आई म्हणाली. "आणि तुझे पहारेकरी तिथंच बिडी ओढत बसलेत."

"माझे नाहीत. तुझेच आहेत."

आम्ही दोघी खूप हसलो. मग मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि रडले.

तिनं बजावलं होतं, कुणाला सांगायचं नाही. त्यामुळे बेन येत राहिल्या, औषध मागत राहिल्या, आणि मी "बघते हं" म्हणत राहिले. इकडे माझं एकच काम उरलं होतं, आईचं वजन वाढवायचं. तुपातला शिरा केला, चिकूचं दूध केलं, मऊ भातावर तूप ओतलं, डब्यातली महागडी पावडर झाली. वजन उतरवण्याबद्दल मी तासभर भाषण देईन, चढवायचं कसं ते मला येत नव्हतं. ती गाठ अंगभर निरोप धाडत होती आणि चरबी विरघळत होती. जे मला उंदरांमध्ये वर्षानुवर्षं धड जमलं नाही, ते तिनं बसल्या जागी करून दाखवलं. मला त्या गाठीचा तिटकारा होता. आणि सांगायला लाज वाटते, थोडा हेवाही होता.

मी आईवर ओरडायचे. "दोन घास खाल्लेस तर काय बिघडेल?" ती बिचारी तोंड उघडायची, घास गालात धरून ठेवायची, आणि माझी पाठ वळली की थुंकायची. मला ते कळायचं. मी पुन्हा ताट वाढायचे.

सलाइनच्या दिवशी तिनं काठापदराची साडी नेसायचा हट्ट धरला. दवाखान्यात काट्यावर उभी राहिली आणि आकडा वाढला होता! थोडासाच, पण रेषेच्या वर. डॉक्टर "वा" म्हणाले. मी आईकडे बघून हसले, तिचा दंड दाबला. शिरा लागू पडला, मला वाटलं. तूप लागू पडलं.

खाटेवर निजवताना तिची साडी सैल करायला मी हात घातला आणि हाताला लोखंड लागलं. निऱ्यांच्या आत, परकराच्या नाडीला, आमच्या खलबत्त्यातला बत्ता बांधलेला होता. आईनं माझं मनगट धरलं. "गप्प बस. बोलू नकोस."

नर्स बाटली टांगत होती. औषधाचा डोस वजनावरून काढतात. मी गप्प बसले तर आईच्या अंगाला झेपणार नाही इतकं जाईल, बोलले तर जाणारच नाही. मी बाहेर जाऊन डॉक्टरांना सांगितलं. बाटली परत गेली.

येताना गुजरातच्या सीमेवर, अच्छाडच्या नाक्याला ट्रकांची लांबलचक रांग लागली होती, आमची भाड्याची गाडी तिथं अडकली. बत्ता माझ्या पर्समध्ये होता. "रागावलीस?" मी विचारलं.

"नाही गं. मास्तरीण आहे मी. कॉपी पकडली की काय करायचं, मला ठाऊक आहे." तिनं गाडीची काच खाली केली. "पण हल्ली तू माझ्या तोंडाकडे बघतच नाहीस. काट्याकडे बघतेस, ताटाकडे बघतेस. आज माझ्याकडे बघून हसलीस. एवढ्याशा बत्त्यात झालं ते. पुढच्या वेळी वरवंटाच आणते."

मी तिच्याकडे वळून बघितलं. तोंड एवढंसं झालं होतं, आणि ती हसत होती.

पुढची वेळ काही आली नाही.