सिनेमात नसलेला उंबरा

कादंबरीचा सिनेमा करताना सगळ्यात आधी कुणाला काढून टाकतात, हे तुम्ही कधी नीट पाहिलंय का? आपण भांडतो ते नायिकेच्या केसांवरून, ड्रॅगनच्या पंखांवरून. मीही भांडायचे.

माझे वडील धरणग्रस्तांची पत्रकं लिहीत. शाळेच्या पुस्तकाआधी मी ती वाचली. त्यामुळे राजे आणि जादूगार मला थोतांड वाटायचे. मग एक जाडजूड अनुवादित कादंबरी हाती आली. तिच्यातल्या जादूगाराला आपल्या महालाचं प्रतिबिंब पाहायचं असतं, म्हणून तो खोऱ्यात तळं करतो आणि एक गाव बुडवतो. त्या गावची एक म्हातारी घराचा उंबरा उखडून डोक्यावर घेते आणि चालू लागते. पुस्तकभर चालतच राहते. शेवटी एका उजाड माळावर ती उंबरा टेकवते, आणि बुडालेली माणसं एकेक करून तो ओलांडत परत येतात.

हे मी हिर्डोशी गावात आत्याला वाचून दाखवलं. तिला वाचता येत नाही. धरणाचं पाणी चढलं तेव्हा तिनंही जुन्या घराचा उंबरा काढून आणला होता. लोक हसले होते. नव्या घराला लोखंडी चौकट बसली आणि उंबरा गोठ्यात पडून राहिला.

ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "ही लिवनारी बाई आपल्याच खोऱ्यातली."

"आत्या, ती परदेशातली आहे."

"मग तितंबी धरनं असतील."

दुसऱ्या दिवशी तिनं उंबरा बाहेर काढला, धुतला, तेल लावून दाराशी उभा केला. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "ह्याच्यावर पुस्तक हाय."

त्या कादंबरीवर सिनेमा आला तेव्हा तिला म्हातारी बघायचीच होती. सकाळच्या एसटीनं आम्ही भोरला माझ्या मैत्रिणीकडे गेलो, तिच्याकडे मोठा टीव्ही आहे. अर्धा तास झाला तशी आत्याची चुळबुळ सुरू झाली.

"कवा येनार गं ती?"

"आत्या, हिरॉईनला नटायला वेळ लागतो," मैत्रीण म्हणाली.

"हिरवीन ऱ्हाऊ दे तिकडं. माझी म्हातारी कुठं हाय?"

मग गाव बुडालं. अर्ध्या मिनिटात. कॅमेरा उंच आभाळात, खाली चकाकतं पाणी, जोडीला संगीत. माणूस एकही दिसला नाही. पुढे लढाई लागली ती शेवटपर्यंत. म्हातारी आलीच नाही.

मी संतापून बोलायला लागले, की हा दरोडा आहे, ज्याच्यावर गोष्ट उभी आहे तेच यांनी कापलं. आत्यानं मला हातानंच थांबवलं.

"दिसत व्हतं तर चांगलं," ती म्हणाली. मग म्हणाली, "आमचंबी वरनं असंच दिसलं असंल."

वडिलांची सगळी पत्रकं आठवून पाहिली. वरून दिसणारं खोरं एकातही नव्हतं.

पुढच्या खेपेला मी पुस्तक घेऊन गेले. ते तिनं उघडूच दिलं नाही. "पुस्तकात काय, कुनीबी कायबी लिवतं. खरं असतं तर दावलं नसतं व्हय?" मी पुष्कळ समजावलं. ती तांदूळ निवडत राहिली. उंबरा पुन्हा गोठ्यात गेला होता आणि त्यावर पाण्याचा हंडा ठेवला होता.

पत्रकाच्या शेवटी वडील मागणी लिहीत. त्यांच्या बहुतेक मागण्या कुणी ऐकल्या नाहीत. माझीही कुणी ऐकेल असं वाटत नाही, आणि ऐकली तरी आत्यासाठी उशीर झालाय. तरी लिहिते: कादंबरीवरचा सिनेमा घरात लावण्याआधी, त्यातून गाळलेलं एक प्रकरण शोधा आणि घरातल्या न वाचणाऱ्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवा. सिनेमा संपला की पुन्हा एकदा वाचा. त्यानं नको म्हटलं तरी वाचा.