मुळं बघणारी आपा

झाड मातीतून उपटल्याशिवाय त्याची विचारपूस पूर्ण होत नाही, असं मानणारी माणसं जगात किती असतील ठाऊक नाही. माझ्या नशिबी त्यांतली एक आमच्या प्रयोगशाळेत सीनियर म्हणून आली. लासूर स्टेशनच्या बियाणेवाल्यांची मुलगी, सगळ्यांची आपा. विभागासमोरचा झेंडू, चहावाल्याची तुळस, कुणाचीही मुळं तिने पाहायची सोडलेली नाहीत. "पानं झूट बोलतात गं, मुळं नाय," हे तिचं तत्त्व. आमच्या मुकुंदवाडीच्या घरी पहिल्यांदा जेवायला आली, तेव्हा हात धुवायच्या आधीच तिने गॅलरीतला मोगरा कुंडीतून उपसून काढला. आई हातात भाकरी घेऊन उभीच. "काकू, लई पाणी घालता. मुळं सडलीत बघा." आईने कसंबसं विचारलं, "अगं, पण आता जगेल का तो?" "ते नाय सांगता येत," म्हणत आपा ताटावर बसली. मोगरा गेला. पुढे कितीतरी दिवस आईने आपाचं नाव काढलं नाही.

माणसांनाही ती असंच उपटते. मी कमी बोलते, आणि मला ते बरं वाटतं. पण टपरीवर सगळ्यांदेखत ही विचारणार, "इंग्लिश मीडियमवाल्यांना तोंड उघडायची फी पडते काय?" माझा प्रयोग हरभऱ्यावर होता: मुळाला उपयोगी जिवाणू भेटला तर मुळातली कोणती जनुकं जागी होतात, आणि मर रोगाची बुरशी भेटली तर कोणती. आपाला त्यातही मीच दिसले. "मूळ पहिल्यांदा दोस्तावर पण शक घेतं. दुश्मनासाठी ठेवलेली जनुकं थोडी त्याच्यावर पण चालवतं. मग ओळख पटली की शांत होतं. तू किती टाइम घेणार?"

काही कुंड्यांत मी जिवाणूही सोडला नव्हता आणि बुरशीही नाही. तुलनेसाठी त्या कोऱ्या हव्या होत्या. मुळं तपासणीला पाठवायच्या आदल्या दिवशी येऊन पाहते, तो आपाने नेमकं त्यातलंच एक रोप उपटलेलं! मी आयुष्यात पहिल्यांदा कुणावर तरी ओरडले. "आपा, निदान विचारायचं तरी!" तिने मूळ पुढे केलं. त्यावर गाठी होत्या, आणि हरभऱ्याला त्या जिवाणू शिरल्यावरच येतात. शेजारच्या कुंडीतून पाण्याचे शिंतोडे उडाले असणार. पानं मात्र टवटवीत. ती रोपं तशीच गेली असती, तर माझा सगळा प्रबंध खोट्या तुलनेवर उभा राहिला असता. "ओरड अजून," आपा म्हणाली, "आवाज चांगलाय की तुझा." मला जास्तच राग आला, कारण ती बरोबर होती आणि सगळं पुन्हा पेरायचं होतं.

पेरलं. तेवढ्यात आपाला लांबच्या शहरात नोकरी लागली. जाताना आईला मोगऱ्याचं नवं रोप देऊन गेली. आई त्याला जपून पाणी घालते. काल मी माझी रोपं काढली. कोऱ्या कुंड्यांतली मुळं या वेळी खरोखर कोरी होती. जिवाणूवाल्या मुळावरची एक गाठ, आपा फोडायची तशी, नखाने फोडली. निरोगी गाठ आतून गुलाबी असते, तशीच निघाली. दाखवायला वळले, तर मागे कुणीच नव्हतं.

मी आपणहून कुणाला फोन करत नाही. काल केला. "आपा, रोपं इतकी हिरवीगार आलीत..."

"पानांचं नको सांगू!" ती तिकडून खेकसली.

मग मी मुळांचं सांगायला लागले. बराच वेळ मीच बोलत होते.